एकच घोंगडं

दादा गेल्याचा फोन वहिनींनी स्वतः केला, तेव्हा मी भोरच्या दुकानात पाण्याची मोटार खोलून बसलो होतो. "भाऊजी, तुमचं दादा गेलं. छातीत कळ आली आन बसल्या जागी गेलं," एवढं बोलून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "येताना घाटावरनं या. उंबराला मोहोळ हाय का बघा." नवऱ्याचं अंग अजून गार झालं नव्हतं आणि बाई मधमाश्यांची चौकशी करत होती. दुसऱ्या कुणाला हे विचित्र वाटलं असतं. मी मोटार तशीच उघडी टाकून निघालो. मोहोळ होतं... सुपाएवढं, काळं, आणि हलत होतं.

आमचं गाव भाटघरच्या अलीकडे, नदीकाठी. गावातलं प्रत्येक सरण घाटावरच्या त्या उंबराखालीच रचलं जायचं. काही वर्षांपूर्वी आमच्या वडिलांना, अण्णांना, तिथंच नेलं. लाकडं ओली होती. धूर सरळ उंबरात शिरला आणि वरून आग्या माश्या कोसळल्या. खांदा देणारी माणसं बोंबलत नदीत पडली, कुणी उसात घुसलं. अण्णांचे धाकटे भाऊ नानाकाका गुडघ्यांनी अधू. ते वाटेवरच पडले आणि बघता बघता त्यांचं तोंड दिसेनासं झालं. कानात, नाकात, पापण्यांवर नुसत्या माश्या. दादा घोंगडं घेऊन मागे फिरला, ते त्यांच्यावर टाकलं, वर स्वतः आडवा पडला आणि तसाच त्यांना ओढत बाहेर घेऊन आला. दवाखान्यात न्यायला टेम्पोत घातलं, पण नाना टेम्पोतच गेले. बोट इतकं सुजलं होतं की अंगठी निघेना. आणि तिकडे सरण एका बाजूला कललं होतं, अण्णा एकटे जळत होते, आणि लाकूड सारायला कुणाची जवळ जायची टाप नव्हती.

"जाळून टाकतो समदं," दादा म्हणाला. मी म्हणालो, धूर आपण केला. उन्हाळा सरला की त्या आपसूक जातात, तोवर सरण दुसरीकडे रचू. त्यानं हातातली काठी माझ्या खांद्यावर घातली. "नानांनी काय केलतं रं त्यांचं? सांग की." मी खांदा चोळत बाजूला झालो. दिवेलागणीला त्यानं बांबूला पोतं बांधलं, डिझेलमध्ये बुडवलं आणि मोहोळाला लावलं. लाह्या फुटाव्यात तसा आवाज येत होता. पेटलेलं मेण ठिबकत होतं. पंख जळालेल्या माश्या मातीत सरपटत होत्या आणि दादा गुडघ्यावर बसून एकेकीला चपलेनं ठेचत होता. वहिनींनी हात धरून उठवलं तेव्हा कुठे थांबला.

मग त्याला बोलावणी यायला लागली. किकवीहून, कामथडीहून, पार वेल्ह्याकडून. कुठं माणसावर माश्या उठल्या की संपतदादाला बोलवा. तेच घोंगडं पांघरून हा जायचा, जाळायचा, आणि मिशीला पीळ देत परत यायचा. आमचं बोलणं जवळजवळ बंदच होतं. वेल्ह्याकडच्या एका वाडीत मात्र अर्धवट जळालेलं मोहोळ तुटून गोठ्यावर पडलं. आत एका म्हातारीची म्हैस बांधलेली. माणसांनी दारं लावून घेतली, म्हशीला कोण दार लावणार? ती दाव्याला हिसडे देत होती, वेसणीनं नाक फाटलं होतं. दादानं घोंगडं तिच्या डोक्यावर टाकलं, उघड्या अंगानं आत घुसून कोयत्यानं दावं कापलं. म्हैस चार पावलं धावली आणि घोंगड्यासकट पडली. म्हातारी लांबूनच म्हणाली, "इतकी वर्सं मोहोळ वरच हुतं बाबा. म्हस तवर जितीच हुती."

त्यानंतर दादानं बांबू हातात धरला नाही. सुजल्या तोंडानं पडून होता तेव्हा मी भेटायला गेलो, तर पहिलं वाक्य हेच, "तू बराबर हुतास आसं समजू नगो. नाना गेलं ते गेलंच." मला त्याचा राग यायला हवा होता. उलट त्या दिवशी तो फार आवडला मला.

तर त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी नानांचा मुलगा गणेश डिझेलचा डबा घेऊन दारात उभा. "आधी मोहोळ, मग दादाला न्यायचं. दादानंच शिकवलंय." भावकीनं माना डोलावल्या. मी भांडलो, कुणी ऐकेना. वहिनी ओसरीवरून म्हणाल्या, "त्यांना आपल्या वावरात न्या." पूर्वजांची जागा सोडली म्हणून अर्धी भावकी आलीच नाही. आम्ही मोजक्या माणसांनी दादाला बांधाकडेला जाळलं. धूर शेतातूनच वर गेला. मी रडलो, आणि मध्येच वर बघत होतो... सवयच लागली आहे.

तेराव्यानंतर गणेश परत आला. मोहोळ जाळायला घोंगडं हवं होतं. वहिनींनी खुंटीवरून काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"ने. पन घोंगडं एकच हाय, गणेश. ते पांघरून तू वाचशील. खाली जो सापडंल त्याला काय घालू?"

गणेशनं खाली बसून घोंगडं उलगडलं. "माझ्या बापावर बी हेच टाकलतं, वैनी."

"व्हय. आन तरी गेलं."

तो उठला. घोंगडं झटकलं नाही, घडी केली आणि स्वतःच्या हातानं खुंटीला लावलं. चहा न घेता गेला. त्याचं मन वळलं असं मी म्हणणार नाही. मोहोळ अजून उंबरावर आहे, एवढंच खरं.

परवा गेलो तेव्हा त्या घोंगड्यावरून हात फिरवला. वहिनी ते धूत नाहीत. लोकरीत माश्यांच्या नांग्या तशाच अडकून आहेत. नानांच्या वेळच्या कुठल्या, म्हशीच्या वेळच्या कुठल्या, दादाला लागता लागता राहिलेल्या कुठल्या, सांगता येत नाही. बोटाला टोचल्या.