तुटक्या कानाची बकरी

शहागंजात मटणाच्या दुकानाची पाटी रंगवणं चाललं होतं. तिच्यावरची बकरी दिसली आणि मी भर रस्त्यात स्कूटर थांबवली. अर्धा तुटलेला कान, चेहऱ्यावर तोच आगाऊपणा! लहानपणी वाचलेल्या चित्रकथांत ही बकरी पानोपानी असायची. दरबारात, लढाईत, कुठंही.

"ही तुमची बकरी?" मी खालूनच ओरडलो.

म्हातारा पेंटर ब्रश दातात धरून शिडीवरून उतरला, पायजम्याला बोटं पुसत म्हणाला, "वळखली तुमी?"

मग तो बोलतच सुटला. चित्राखाली त्यानं नाव टाकलं की प्रकाशक ते खोडायचा. म्हणून तो नावाऐवजी बकरी काढू लागला, तीही राजाच्या पायाला अशी चिकटून, की बकरी खोडली तर राजाच लंगडा व्हावा! पुढं प्रकाशकानं दुसरा चित्रकार ठेवला, तर वाचक विचारायला लागले, बकरी कुठंय?

"परकाशक मला म्हनला, नव्या मान्साला बकरी शिकव. म्या म्हनलं, नाय. आपली सही कुनी दुसऱ्याला शिकवतं व्हय?"

मी तसाच घरी पळालो, जपून ठेवलेली एक चित्रकथा आणून त्याच्यापुढं धरली. "आता तरी नाव लिहा!"

मुखपृष्ठावर फक्त प्रकाशकाचं नाव होतं, ठळक. पेंटरनं लाल रंगात ब्रश बुडवला आणि शेजारी बकरी काढली. ती ते नाव चघळत होती.

"लई दिवसांची भुकेली हाय," तो म्हणाला.