तांबड्या रेघेवरचं पाणी

आमच्या डोंगराच्या काळ्या कातळात मध्येच एक तांबडी रेघ आहे. तिच्यावर पाणी थेंबथेंब पाझरतं आणि ठकूआत्या करवंटीने ते हंड्यात भरते. खाली धरण चकाकतं. तिथली वीज आमच्या डोक्यावरून शहरात जाते.

काल वस्ती हलवायला आलेले साहेब आत्याला म्हणाले, "आजी, या दगडात पाणी नाही."

माझं डोकंच फिरलं. लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, मधली माती भाजून तांबडी झाली, आणि तेव्हापासून हा डोंगर पावसाचं पाणी पोटात धरून जपून देतो आहे. त्याला घाई नाही, म्हणून तो कोरडा?

आत्याने साहेबांच्या हातात रिकामी करवंटी दिली.

"ही भरेपर्यंत बसा इथं. मग बोला."