थोरल्याचं अंतर

"राक्षस म्हणू नका हो त्यांना!"

हातातला पेपर माझ्या टेबलावर पसरून मॅडम हेडिंगवर बोट आपटत होत्या. 'तांबडे राक्षस सांगतात विश्वाचं अंतर' हे हेडिंग त्यांच्या 'रेड जायंट' ताऱ्यांवरच्या लेखाला मीच दिलं होतं आणि खरं सांगायचं तर माझं मलाच फार आवडलं होतं. रविवारच्या पुरवणीत वाचक थांबायला राक्षसच लागतो. भला माणूस दिसला की तो पान उलटतो.

"मग काय म्हणायचं?"

"थोरले म्हणा. तांबडे थोरले."

पानं लावणारे आमचे चाचा कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाले, "मॅडम, थोरले म्हटलं तर लोकांना वाटंल भावकीची बातमी हाय."

"वाटू दे की," म्हणून मॅडम पेपराची घडी घालून निघूनही गेल्या.

मॅडम इथल्याच एका कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या आणि आमच्या पुरवणीत आकाशावर लिहायच्या. राहायला सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. घरची भाषा तेलुगू, वडील सुताचे रंगारी. त्यांचं मराठी स्वच्छ होतं, पण रागावल्या की वाक्याच्या शेवटी एखादा तेलुगू शब्द ठेच लागल्यासारखा यायचा. नाव सांगत नाही. त्यांना ते आवडायचं नाही, आणि सोलापूरकरांनी ओळखल्याच असतील.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना आपला विषय म्हणजे सोयरीक वाटते. मॅडम ताऱ्यांबद्दल बोलायच्या ते गल्लीतल्या माणसांबद्दल बोलावं तसं. चहा पिता पिता एकदा मला म्हणाल्या, "म्हातारपणी तारा फुगतो. अंग थंड पडतं, तांबडा होतो. पण उजळत मात्र जातो. एका हद्दीपर्यंत. ती हद्द आली की पोटातला हेलियम भडकतो आणि स्वारी गुपचूप खाली येते. सगळ्यांची हद्द जवळजवळ एकच. मग लांबच्या दीर्घिकेत, म्हणजे दुसऱ्या एखाद्या आकाशगंगेत, ती हद्द किती मंद दिसते ते बघायचं. जितकी मंद तितकं लांब."

"पण मुळात हद्द किती, हे कसं कळलं?"

"जवळच्या थोरल्यांवरून. ज्यांचं अंतर दुसऱ्या रीतीनं पक्कं ठाऊक आहे असे. आमच्या घरी नमुन्याची लड असायची. तिच्याशी लावून बाकीचं सूत बघायचं. तसंच हे."

पुण्याच्या एका गटाबरोबर त्या हेच काम करत होत्या. एक दीर्घिका त्यांच्या वाट्याला आली होती. अवकाशातल्या दुर्बिणीनं काढलेले फोटो इंटरनेटवर मिळतात, त्यातले तारे एकेक करून मोजायचे. पुण्याहून वर्षभरासाठी या म्हणून बोलावणंही आलं होतं. मॅडम जात नव्हत्या. का जात नाहीत ते विचारलं की म्हणायच्या, "इथूनही दिसतं की."

कारण मला पुढं कळलं. लेख आणायला मी एकदा दवाखान्यात गेलो, कारण फोनवर त्यांनी पत्ताच तो दिला. डायलिसिसच्या खोलीत वडील खाटेवर आणि या शेजारी स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप. वडिलांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. तोंड सुजून डोळे बारीक झालेले, पाय फुगलेले. मी वाकून नमस्कार केला तशी म्हाताऱ्यानं मला जवळ बोलावलं.

"आमच्या बिड्डाला एक थोरला सापडलाय बगा," ते म्हणाले. बिड्डा म्हणजे लेकरू. "लई लांब हाय म्हनं. किती लांब त्ये अजून सांगंना."

"सांगते, नायना. मोजतेय की," मॅडम त्यांच्याकडे वाकून जरा मोठ्यानं म्हणाल्या. नायना म्हणजे बाबा.

परत येताना जिन्यात त्यांनी मला शब्दाची गोष्ट सांगितली. वडिलांना त्यांनी पहिल्यांदा समजावलं तेव्हा तेलुगूत 'पेद्दा' म्हणाल्या होत्या. पेद्दा म्हणजे मोठा. पण पेद्दा म्हणजे वडीलधाराही. वडिलांनी तोच अर्थ घेतला आणि विचारलं, घरात सगळ्यात थोरला तोच का? पोरंबाळं आहेत का त्याला? "मी चूक सुधारायला गेले," मॅडम म्हणाल्या, "आणि थांबले. कारण चूक कुठं होती? म्हातारेच तर असतात ते."

मग म्हणाल्या, "नायनांचं तोंड सुजतं ना. मागं गल्लीतलं एक पोर त्यांना बघून राक्षस राक्षस म्हणत पळालं. नायना हसले. मला नाही हसता आलं."

माझ्या हेडिंगवरचा राग मला तेव्हा कळला. पुढच्या रविवारपासून आमच्या पुरवणीत राक्षस छापला गेला नाही. 'तांबडा थोरला म्हणजे काय' असं विचारणारे फोन आले, चाचांनी ते सगळे आनंदानं घेतले.

उन्हाळ्यात मॅडमचा आकडा आला. आम्ही पेढे मागवायच्या बेतात होतो, पण मॅडमचा चेहरा पडलेला. तारे त्यांनी दीर्घिकेच्या मध्यातून निवडले होते. तिथं गर्दी फार, धूळ फार. धुळीतून बघितलं की तारा उगाच मंद दिसतो आणि आपण त्याला लांब लोटतो. कडेच्या मोकळ्या भागातले थोरले घेऊन सगळं पुन्हा मोजायला हवं होतं. काही महिन्यांचं काम. आणि वडिलांना आता धरून बसवावं लागत होतं. भेटेल त्याला ते एकच विचारायचे, आलं का बिड्डाचं उत्तर?

चाचांना राहवलं नाही. "मॅडम, सांगून टाका की हाच आकडा. म्हाताऱ्या मानसाला समाधान. त्यांना कुटं जाऊन मोजायचंय?"

मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "चाचा, माझ्या बापानं जन्मात कधी कच्चा रंग दिला नाही कुणाला. त्यांना मी कच्चा आकडा सांगू?"

चाचा पुन्हा कॉम्प्युटरकडे वळले. मीही हातातल्या कामाला लागलो. मनातून मात्र मला वाटत होतं, सांगावा. आजही वाटतं. पण त्या बाईचं आपल्या बापावर किती प्रेम होतं हे मला त्या नकारातच दिसलं, हेही खरं.

कॉलेजचे पेपर तपासून, दवाखाना करून त्या कडेचे तारे मोजत राहिल्या. लेख वेळेवर यायचे, आधीपेक्षा छोटे. श्रावण सरता सरता वडील गेले. डायलिसिसहून घरी आणताना, रिक्षात, लेकीच्या खांद्यावर मान टाकून. आम्ही भेटायला गेलो तेव्हा मॅडमनी सगळ्यांना चहा दिला आणि स्वतः घ्यायच्या विसरल्या.

आता त्या पुण्यात असतात. पुरवणीतलं आकाश बंद झालं, त्या जागी आम्ही पाककृती देतो. पण जायच्या आधी एका दुपारी त्या ऑफिसात आल्या होत्या, ती दुपार सांगायची राहिली.

हातात लेख नव्हता. समोरच्या खुर्चीत बसल्या. चाचांनी पंखा वाढवला.

"आलं उत्तर," मॅडम म्हणाल्या. "इथून आणि पुण्याहून, दोन्हीकडून पडताळलं. पक्कं आहे."

"किती लांब?"

त्या सरळ बसल्या, पदर नीट केला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत त्यांनी अंतर सांगितलं. तेलुगूत सांगितलं. मला तेलुगू येत नाही. त्यांच्या ते ध्यानातच आलं नाही. अर्धवट ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलावं तशा पुढं वाकून त्यांनी ते पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं सांगितलं, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

मी मान हलवली. मराठीत किती, ते विचारलं नाही.