प्रत्येकाची भीती मी विचारून घेतली

तुमच्या चाळीच्या किंवा सोसायटीच्या मागच्या मीटिंगमध्ये ज्यांनी तोंडच उघडलं नाही, त्यांना तुम्ही एकदा तरी विचारलंत का, की तुम्हाला काय वाटतं?

मी विचारलं होतं. लालबागच्या आमच्या चाळीत, रविवारी सकाळी, खाली अंगणात, एकेकाला. आमची चाळ गेली त्याची सुरुवात तिथून झाली.

मी पत्रकांवर वाचायला शिकले. बाबा कामगार चळवळीतले. उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे कॉटखाली असायचे आणि माझ्या वह्यांना कव्हरं त्यांचीच. ‘प्रत्येकाला बोलण्याचा हक्क आहे’ हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. पण जो बोलतच नाही त्याला बोलतं कसं करायचं, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं. ते मी एका खेळात शिकले.

दर शनिवारी दुपारी खोताच्या वाडीत एका मैत्रिणीकडे आम्ही पाच जण जमतो. टेबलावर फासे, कागद, पेन्सिली. चौघं एकेक पात्र घेतात: कुणी चोर, कुणी वैद्य, कुणी पळून आलेली राणी. मी गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारी. वाटेत काय आलं ते मी सांगते, ते काय करतात ते त्यांनी ठरवायचं, जमलं की फसलं ते फाशांनी. खरं काम वेगळंच असतं. मोठ्या आवाजाच्या माणसाला अपमान न करता थांबवायचं. गप्प बसलेल्याकडे वळायचं. उत्तर आपल्याला आवडलं नाही तरी त्यावरच गोष्ट पुढे न्यायची.

“हे बायोडेटात टाक ना,” मैत्रीण म्हणायची. “चार येड्यांना तीन तास एका जागी बसवू शकते.”

“बसवू शकते म्हणे! तू दर दहा मिनिटांनी फ्रिज उघडतेस.”

नवी गोष्ट सुरू करताना मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारते: तुझ्या पात्राला सगळ्यात जास्त भीती कशाची? उत्तर वहीत लिहिते. एकमेकांची भीती कळली की ती चार पात्रं एका टोळीसारखी वागायला लागतात.

आमच्या चाळीला तेच हवं होतं. पुनर्विकासासाठी बिल्डर संमतीच्या सह्या मागत होता. कमिटीचं म्हणणं एकच होतं: घर परत इथेच मिळणार हे रजिस्टर करारात येईपर्यंत कुणीही सही करायची नाही. एकी टिकली तर लालबाग, नाहीतर जिथे टाकतील तिथे. पण दर मीटिंगला तेच तिघे ओरडायचे आणि बाकीचे चहा पिऊन वर जायचे. म्हणून बाबा म्हणाले, “या वेळी तू चालव.”

मी चालवली. खुर्च्या गोल मांडल्या. ओरडणाऱ्यांना म्हटलं, काका, तुमची पाळी शेवटी. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं, त्यांना सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते.

“माका कशाक विचारतंस गो?” त्या पदराशी चाळा करत हसल्या. मी थांबले. गप्प राहून थांबणं हेही टेबलावरच शिकले होते. मग त्या बोलल्या. खोली अजून सासऱ्यांच्या नावावर, कागद कुठे आहेत माहीत नाही, आणि गावचा दीर कधीही येऊन उभा राहील.

मग तळमजल्यावरचे आजोबा. गिरणीत जन्म गेलेला माणूस. “नवी इमारत होईपर्यंत ट्रान्झिट कॅम्पात टाकतात, मला तिथे मरायचं नाही,” ते म्हणाले. “तिथे खांदा द्यायला कोण येणार?”

असं करत सगळे बोलले. काही जण रडले. शेवटी सगळ्यांनी हात वर केले: करार नाही तर सही नाही. बाबांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, जमलं.

गोलाच्या बाहेर, जिन्याजवळ, एक पांढऱ्या शर्टातला माणूस बसला होता. त्याने खुर्च्या मांडायला मदत केली होती. आमच्याकडे अनोळखी माणसाला ‘तुम्ही कोण’ असं विचारत नाहीत, वाईट दिसतं. कुणाचा तरी पाहुणा असेल, जावई असेल, असं धरून त्याच्या हातात चहा देतात. मीही दिला. वर बिस्किटाची बशी पुढे केली.

तो बिल्डरचा माणूस होता.

पुढच्या आठवड्यात तो घरोघरी गेला, तेही घरातला कर्ता माणूस कामावर असताना. काकूंना म्हणाला, दिराचं आम्ही बघतो, तुमच्या नावावर करून देतो. आजोबांना म्हणाला, तुम्हाला कॅम्पात नाही पाठवणार, इथेच परळला भाड्याची खोली देऊ. प्रत्येकाला त्याच्याच भीतीवरचा उतारा, आणि वर एक सूचना: शेजाऱ्यांना सांगू नका, सगळ्यांना नाही देता येत. हे सगळं नंतर कळलं; तेव्हा कुणी कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांना आपण एकटेच वाचलो असं वाटत होतं. सह्या पुऱ्या झाल्या.

लिहून काहीच दिलं नव्हतं. आजोबा आज कॅम्पात आहेत, सातव्या मजल्यावर, आणि तिथली लिफ्ट बंद असते. काकू गावी, दिराच्याच घरात. आमच्या जागेभोवती पत्रे ठोकलेत, आत रान वाढलंय.

बाबा मला एवढंच म्हणाले, “मीटिंग छान चालवलीस.” टोमणा असता तर बरं झालं असतं.

ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये परवा कुणीतरी सांगत होतं की असे खेळ नेतृत्व शिकवतात, संवाद शिकवतात. खरं आहे, शिकवतात. पण मी त्या वहीत भीती लिहून घेते ती कशासाठी? ज्याला पाण्याची भीती, त्याच्या वाटेत नदी आणण्यासाठी. पांढऱ्या शर्टाने दुसरं काय केलं? माझं कसब त्याच्याकडेही होतं, आणि त्याच्या पाठीशी पैसा होता. कौशल्य शिकलं की माणूस जिंकतो, असं मला आता कुणी सांगू नये. आमच्याकडे कौशल्य आलं तेव्हा आमच्या हातात दुसरं काहीच नव्हतं.

आमचं आता काही होणार नाही. तुमची सही अजून व्हायची असेल तर एक करा. तुम्हाला खाजगीत जे कबूल केलंय, ते घेऊन आज शेजारच्या दारात जा आणि विचारा, तुम्हाला काय सांगितलं? दोन्ही एका कागदावर लिहा, आणि तो कागद घेऊन दोघं मिळून तिसऱ्याचं दार वाजवा.