वाचलेली वीज पाहायला बोईसरला

दिवाळी आटोपली आणि दुसऱ्याच आठवड्यात नाशिकहून सकाळच्या एसटीने मी बोईसरला निघाले. त्र्यंबक मागे पडल्यावर डोंगरउतारांवरची वरईची छोटी शेतं दिसू लागली. कापणी झालेली. मोखाड्याला गोधड्या, टोप, कोंबड्या घेऊन तीन कुटुंबं गाडीत चढली. कामासाठी चार-सहा महिने खाली उतरणारी माणसं. मीही कामालाच निघाले होते, पण खुशीत.

माझं काम विजेची बचत तपासायचं. औद्योगिक वसाहतीच्या कडेला एक डेटा सेंटर आहे. आपले फोटो, बँकेचे व्यवहार जिथे साठतात ती इमारत. आतले संगणक सतत तापतात आणि ते गार ठेवायलाच भरमसाट वीज लागते. हे सेंटर ‘स्मार्ट ग्रिड’ला जोडलेलं होतं. परिसरात विजेची मागणी वाढली की उपकेंद्रातून संदेश येतो, मग सेंटर घाईची नसलेली कामं पुढे ढकलतं, थोडा वेळ बॅटऱ्यांवर चालतं आणि ताण हलका होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापक देसाईंनी पडद्यावर सेंटरच्या वीजवापराचा आलेख दाखवला. रोज अडीचच्या सुमारास रेघ सरळ खाली. मी मनापासून त्यांचं अभिनंदन केलं.

जेवायला सेंटरला लागूनच असलेल्या कुंभवली गावात, सुमनताईंच्या खानावळीत गेले. घराच्या ओटीवरच चार टेबलं. तांदळाची भाकरी आणि जवळच्या दांडीच्या किनाऱ्यावरून आलेल्या ओल्या बोंबलांचं कालवण. आतल्या खोलीत त्यांचे यजमान खाटेवर उशांना टेकून बसले होते. रंगाच्या कारखान्यात उभी हयात गेली आणि छाती कामातून गेली, असं ते स्वतःच म्हणाले.

“तुमी त्या नव्या कारखान्यातल्या काय?” सुमनताईंनी विचारलं.

“कारखाना नाही तो. डेटा सेंटर.”

“मशिनी चालतात ना? मग कारखानाच.”

मी विचारलं, “आता दुपारची वीज जाते का?”

“नाय. वीज आता जात नाय, ते खरं हाय.” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, उठल्या आणि आतली खिडकी लावून फटीत ओलं फडकं कोंबलं. “आता धूर येतो.”

अडीच वाजायला आले होते. थोड्याच वेळात घरघर ऐकू आली आणि डिझेलचा वास ओटीवर पसरला. आत यजमानांना खोकल्याची उबळ आली. मी ताटावरून उठले.

मी तडक सेंटरच्या मागच्या बाजूला गेले. जनरेटर ओळीने सुरू होते. तिथला ऑपरेटर रामप्रवेश सहज म्हणाला, “सिग्नल आता है तो चालू कर देते हैं, मैडम. बैटरी तो कब की बैठ गई.”

कामं पुढे ढकलणं नाही, बॅटऱ्या नाहीत. तारेतून येणारी वीज कमी होत होती आणि तेवढंच डिझेल गावाच्या तोंडावर जळत होतं. मीटरला डिझेल दिसत नाही.

मी देसाईंना जाब विचारला तेव्हा ते शांत होते. “मॅडम, तुमची तपासणी मीटरपर्यंतच आहे. आणि गावाला अखंड वीज मिळतेय की नाही?”

मिळत होती. जाताना मी सुमनताईंना सांगितलं, “मी हे सगळं लिहिणार आहे.” त्या म्हणाल्या, “लिवा. मागं दोघं येऊन लिवून गेले.”

मी खरंच लिहिलं. संध्याकाळी लॉजवर बसून जनरेटर, धूर, बिघडलेल्या बॅटऱ्या, सगळं अहवालात घातलं आणि पाठवून दिलं.

परतीच्या गाडीत विक्रमगडजवळ आमच्या साहेबांचा फोन आला. “डिझेलचं पान काढा. आपल्याला विचारलंय तेवढंच सांगायचं. जमत नसेल तर दुसऱ्याला देतो, पण मग पुढची कामंही तोच बघेल.”

जव्हारला गाडी थांबली. लोक चहाला उतरले. मी सीटवर बसूनच फोनवर ते पान काढलं, खाली सही केली आणि अहवाल पुन्हा पाठवला. चहा प्यायला काही मी उतरले नाही.

महिन्याभराने त्या सेंटरला ऊर्जाबचतीचं प्रशस्तिपत्र मिळालं. फोटोत देसाई आहेत, साहेब आहेत आणि कडेला मीही हसते आहे. कुंभवलीला मी परत गेलेले नाही. अहवालात जे नाही ते इथे लिहिलं, कारण इथे लिहिल्याने माझी नोकरी जात नाही.