मालनबाईंचा वीलुनामा

नल्लकुंट्याच्या मालनबाई एक शब्द सोडला तर कशालाच घाबरत नसत. तो शब्द म्हणजे मृत्युपत्र. वय अठ्ठ्याहत्तर, नवरा केव्हाच गेलेला, हळद-मिरची दळायची गिरणी जागेसकट त्यांच्या नावावर. पण कुणी तो शब्द काढला की बाई कानांवर हात ठेवायच्या. त्यांच्या थोरल्या दिरांनी म्हणे असला कागद केला आणि पंधरवड्यात ते गेले. दीर तेव्हा ब्याण्णव वर्षांचे होते, हे मात्र बाई सांगत नसत.

तरी जिवाला घोर होताच. मोठा मुलगा संदेश सात वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून त्याची बायको प्रणिता एकटी गिरणी चालवत होती. पदरी मूलबाळ नाही. धाकटा प्रशांत पुण्यात. तो दर दिवाळीला येऊन जागा बिल्डरला द्यायची गोष्ट काढायचा. तारनाक्याच्या कचेरीत बसणारी, त्यांचा कर भरून देणारी अश्विनी त्यांना बजावून सांगायची, "काही न लिहिता गेलात तर सगळं प्रशांतचं. सुनेला कायद्यानं काही मिळणार नाही."

मग बाईंनी शक्कल लढवली: मरायची वाट कशाला, आत्ताच सुनेला बक्षीस देऊन टाकू. अश्विनीनं कपाळाला हात लावला. बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क लागतं, दिलेलं परत घेता येत नाही, आणि सुनेला फुकट दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न सरकार सासूचंच धरतं, म्हणजे कर पुन्हा यांच्याच डोक्यावर. त्यापेक्षा नुसतं लिहून ठेवलं, तर मागाहून मिळालेल्या वाट्यावर कर नाही, आणि जिवंत असेपर्यंत मन हवं तितक्यांदा बदलता येतं. हे बाईंना फारच आवडलं. सरकार मेल्यावर सवलत देतं, असं त्या गल्लीभर सांगत सुटल्या. शब्द मात्र काही केल्या घशाखाली उतरेना.

तो उतरवला शेजारच्या भाग्यलक्ष्मीनं. मिरच्या दळायला आली असताना ती सहज म्हणाली, माझ्या वडिलांनी वीलुनामा करून ठेवलाय. मालनबाईंनी कान टवकारले. नल्लकुंट्यात पन्नास वर्षं तेलुगू माणसांत वावरलेली बाई. 'वीलु' म्हणजे सोय, सवड, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणजे हा तर सोयीचा कागद! तेलुगूत मृत्युपत्रालाच वीलुनामा म्हणतात, हे भाग्यलक्ष्मीनं परोपरीनं समजावलं. पण ऐकतील तर त्या मालनबाई कसल्या.

आठवड्याच्या आत बाई इरकल नेसून, गजरा माळून नोंदणी कार्यालयात हजर. साक्षीला अश्विनी आणि भाग्यलक्ष्मी. गिरणीतून थेट आल्यामुळे पदराला मिरची होती. आधी कारकून शिंकले, मग साहेब. स्वखुशीनं करताय ना, एवढं विचारायला साहेबांना तीन शिंकांमधून वाट काढावी लागली. बाई म्हणाल्या, इतकी खुशी तर मला लग्नातसुद्धा नव्हती.

प्रणिता बाहेर बाकावर बसली होती. लायसन्सचं काम आहे, एवढंच तिला सांगितलं होतं. बाईंनी उस्मानिया बिस्किटांचा पुडा तिच्या हातात कोंबला आणि आपल्यामागं गिरणी जागेसकट तिचीच, हे एका दमात सांगितलं. ती हसेल, असं त्यांना वाटलं होतं. तिचे तर डोळेच भरून आले.

"कशाला रडायलीस?"

"दर एप्रिलला मी बायोडाटा नवा करून ठेवते, आत्याबाई. तुमच्यामागं कुठंतरी जावं लागंल म्हणून."

मालनबाईंचं हसू जागच्या जागी विरलं. आपण एका शब्दाला भीत बसलो आणि ही पोर सात वर्षं आपल्याच घरात पाहुण्यासारखी राहिली, याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी तो बायोडाटा वाचून दाखवायला सांगितला. प्रणितानं फोन काढून वाचला: अनुभव, सात वर्षं, सासूबाईंच्या गिरणीत मदत.

"मदत नक्को," मालनबाई म्हणाल्या. "गिरणी चालवते, असं लिही. आन कुठं पाठवू नको."