मेंढरांचा माग

इंदापूरहून बारामतीला जाताना एसटीत मी ऑस्ट्रेलियातल्या ओसाड माळरानावरची एक रहस्यकथा वाचत होतो. शेजारच्या फेटेवाल्या आजोबांनी मुखपृष्ठावरच्या लाल मातीवरून अंगठा फिरवला आणि गोष्ट विचारली.

"एक मेंढपाळ बेपत्ता आहे, आबा. पोलिसांना वाटतंय, त्याचा खून झाला."

"आन् मेंढरं?"

"तीही सापडली नाहीत."

"मग त्यो जित्ता आसंल. माझा थोरला भाऊ सुप्याच्या माळावर असाच हरवला हुता. समद्यांनी आशा सोडली. मी मेंढरांचा माग काढत गेलो, तर पाण्यापाशी घावला, पाय मोडून पडलेला. आज त्याच्याच नातवाच्या बारशाला चाललोय."

आजोबा उतरल्यावर मी पुन्हा पुस्तक उघडलं. खुनी कोण हे विसरून मी पानोपानी पाणी शोधत राहिलो.